पहिला हात कोणाचा

जळगाव,
३ मे २०२५

अक्का,

नमस्कार. घरातल्या कोणाला माझा नमस्कार सांगू नका, कारण हे पत्र आलंय हेच सांगायचं नाही. म्हणून तर तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी फोन लावला की सासूबाई आधी स्पीकर चालू करायला लावतात, आणि मग 'बरं आहे, जेवले, ऊन फार आहे' याच्या पुढे माझी जीभ जात नाही. आज जे लिहायचंय ते गिरधरमामांबद्दल आहे, आणि गिरधरमामा पडले सासूबाईंचे सख्खे भाऊ.

आखाजीच्या सणाला माहेरी पहूरला का गेले नाही, असं तुम्ही विचारलंत. आईने निंबाला झोका बांधून ठेवला होता. पिशवी भरून मी दारात उभी, तेवढ्यात मामांचा फोन. एका जिनिंगवाल्याला बिलात बदल हवा होता आणि त्यासाठी बिल्ड काढायचा होता. पिशवी तशीच ठेवून ऑफिसला गेले.

बिल्ड म्हणजे काय ते सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. आमच्या ऑफिसात मामांसकट पाच टाळकी. जिनिंगवाल्यांसाठी आणि केळीच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही वजन, भाव, बिल यांचं सॉफ्टवेअर बनवतो. लिहितात सगळे. पण लिहिलेलं सगळं जुळवून त्याचा चालणारा प्रोग्राम काढावा लागतो, तो बिल्ड. त्यात आमचं स्वतःचं थोडं आणि जगात इतरांनी लिहून ठेवलेले तयार तुकडेच जास्त. हे तुकडे इतकी वर्षं माझ्या एकटीच्या कॉम्प्युटरवर साचत गेलेत. कुठला कुठून आणला, कुठला काढला तर काय कोसळेल, देव जाणे. एका फोल्डरचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन खरं', आणि प्रत्यक्षात चालतो तिसराच, त्याचं नाव 'जुनं'. त्यामुळे बिल्ड फक्त माझ्या मशीनवर, माझ्याच हातून निघतो. दसऱ्याला बाकीच्यांच्या मशीनला नुसतं हळदकुंकू, माझ्या मशीनला झेंडूचा हार. मशीन सुटलं तर मी सुटेन ना!

तुमचे दीर, म्हणजे आमचे हे, दोन वर्षं सुरतेला खोली करून राहतात, मी इथे खोली करून राहते. आता सुरतेच्या एका कंपनीने मला घेतलंय. ११ ऑगस्टला हजर व्हायचं, त्यापुढे एक दिवस थांबणार नाहीत. मामांना सांगितलं तर म्हणाले, "जा ना बेटा, मी काय बांधून ठेवलंय? दुसऱ्याच्या हातून बिल्ड निघाला की त्या दिवशी जा." नुसतं म्हणून थांबले नाहीत, सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, की पहिला बिल्ड ज्याच्या हातून निघेल त्याला मोहिनीची जागा, मोहिनीची खुर्ची.

मामा वाईट नाहीत. माझ्या आधीचा मुलगा ऐन कापसाच्या दिवसांत सोडून गेला, तेव्हा बिलं निघेनात आणि जिनिंगवाले मामांच्या ओट्यावर येऊन बसले होते. माणूस सोडायचा म्हटलं की तेव्हापासून त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच काम दिलं, हेही खरं. त्यांना दुखवून निघाले तर सासूबाई मला जन्मभर ऐकवतील.

तर अक्का, मी एक नवं टूल शोधलंय. कुठला तुकडा, कुठल्या आवृत्तीचा, हे एकदा लिहून दिलं की ते स्वतः सगळं आणतं, जुळवतं आणि बिल्ड काढतं. कुठल्याही मशीनवर, कोणाच्याही हातून. टीमने ते घेतलं की मी मोकळी. चांगली खुर्ची मिळणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

तुमची,
मोहिनी

•

शिंदखेडा,
१० मे २०२५

मोहिनी,

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "मॅडम, सरकारचं दिसतंय." मी म्हटलं हो, सरकारचंच. सध्या ते खिचडीच्या डब्याखाली आहे.

बिल्ड मला फारसा कळला नाही. पण जे चालतं त्याचंच नाव 'जुनं', हे मात्र लगेच कळलं. तेवढं शिक्षण मला या घरात मिळालंय.

तू टीम टीम म्हणतेस, त्यात कोण कोण आहे? मागे तू बोलली होतीस त्यावरून मला एक हिलालभाऊ आठवतात, वयाने सगळ्यांत मोठे. एक चुडामण, जो गावोगाव गिऱ्हाइकांकडे जातो. आणि ती पुनम, साखरपुडा झालेली. बरोबर ना? मग माझं ऐक. या हिलालभाऊंना तू विचारलंस का आधी? का सरळ सगळ्यांसमोर 'हे बघा माझं नवं टूल' म्हणालीस? ते तिथे तुझ्या आधीपासून आहेत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं त्यांना वाटत असेल तर टूल सोन्याचं असलं तरी ते हात लावणार नाहीत. माणूस टूलवर रुसत नाही, टूल आणणाऱ्यावर रुसतो.

त्यांना मान दे. नारळ आण, पेढे आण, आणि सगळ्यांसमोर म्हण, भाऊ, पहिला बिल्ड तुमच्या हातून. आपल्याकडे कुदळ मारायची तरी मोठ्याचा हात लागतो. मोठ्याचा हात लागला की बाकीचे आपोआप येतील. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ते गाढव आहेत असं मी म्हणत नाही, पण तू अडलेली आहेस एवढं नक्की.

इथे सगळं तसंच. आमच्या कौतिकरावांची कापसाच्या बियाण्यासाठी पळापळ सुरू झालीय. सासूबाईंची तब्येत चांगली आहे, म्हणजे सगळ्यांवर लक्ष आहे. मीही आखाजीला माहेरी अमळनेरला एकच दिवस गेले. आबांचे गुडघे गेलेत. श्रावणात ये म्हणाले. त्यांनाही माहीत आहे की मी येत नाही.

तुझी,
चारुलता

•

जळगाव,
२८ मे २०२५

अक्का,

तुमचा सल्ला मी अक्षरशः पाळला. नारळ आणला, पेढे आणले. पडद्यावर सगळं नीट दाखवलं. माझं 'जुनं' बंद करून कोऱ्या मशीनवर एका हुकमात बिल्ड काढला. पुनम म्हणाली, "छान आहे ताई." चुडामण म्हणाला, "एक नंबर." मामा मागच्या खुर्चीत बसून सगळ्यांची तोंडं बघत होते. मग मी नारळ हिलालभाऊंच्या हातात दिला आणि म्हटलं, भाऊ, आता पहिला बिल्ड तुमच्या हातून.

अक्का, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. नारळ त्यांनी असा धरला की जणू कोणी पेटता सुतळी बॉम्ब दिलाय. नारळाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माले साडूना घर जानं शे." भर दुपारी! नारळ टेबलावर ठेवून जे गेले ते दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. पेढे आम्ही खाल्ले.

तेव्हापासून हाच खेळ चाललाय. रोज सगळे आपापल्या मशीनवर टूल लावतात आणि रोज काहीतरी अडतं. पुनमचं नेट तुटतं. चुडामणला नेमकं रावेरला जावं लागतं. हिलालभाऊ म्हणतात, "एरर येतो." दाखवा म्हटलं की तेव्हा लाईट गेलेली असते. मी प्रत्येकाशेजारी बसून शिकवलं. मान डोलवतात, आणि मी उठले की परत अडतं. एकदा मला स्वतःवरच शंका आली, की टूलच बिघडलंय का. सगळं पुन्हा कोऱ्या मशीनवर तपासलं. चालतं. माझ्या हातून चालतं.

आणि आता गंमत ऐका. मामा काल म्हणाले, "बेटा, हे नवीनही तुलाच येतंय म्हणजे." जुन्यातून सुटायला मी नवं आणलं, आणि आता जुनंही माझ्या गळ्यात, नवंही माझ्याच गळ्यात.

तुमचे दीर फोनवर पूर्वी विचारायचे, झालं का. आता विचारतही नाहीत, त्याचं मला जास्त लागतं. मी त्यांना 'होईल' एवढंच सांगते. काय चुकतंय माझं?

मोहिनी

•

शिंदखेडा,
६ जून २०२५

मोहिनी,

तुझं पत्र वाचून आधी मी खूप हसले. पोरं म्हणाली, बाई एकट्याच हसतात. मग हसू गेलं. तो नारळ आणि हिलालभाऊंचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना, कारण तो चेहरा मला ओळखीचा वाटला. मी तुला दिलेला सल्ला चुकीचा होता. त्यांचा मान कमी पडलाच नव्हता.

तुला हे कधी सांगितलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा श्रावणात कानबाई देवीचा नारळ चौरंगावर सजवायचा तो सासूबाईंनीच. नथ, डोळे, साज, कुठलं आधी आणि कुठलं नंतर, गाणं कुठलं म्हणायचं, सगळं त्यांना पाठ. त्या मला शेजारी बसवायच्या, बघ आणि शिक म्हणायच्या. मी पहिल्याच वर्षी शिकले. पण मला दिसत होतं की ज्याच्या हातात तो नारळ आला त्याचा श्रावण गेला. प्रसादाच्या रोटाचे गहू धुण्यापासून गिरणी धुऊन घेण्यापर्यंत सगळं त्याच्याच माथी. विसर्जन करून नदीवरून परत येईपर्यंत घरातून हलायचं नाही. माझे आबा तेव्हा धडधाकट होते, आणि नागपंचमीला मला न्यायला यायचे. म्हणून मी चार वर्षं सांगत राहिले, मला नाही येत, माझा हात थरथरतो, माझ्याकडून चुकेल. धांदरट म्हणून माझं भाऊबंदकीत नाव झालं. मी ते नाव हौसेने मिरवलं.

पाचव्या वर्षी सासूबाईंचं मनगट मोडलं. चुलतसासूबाई सजवायला बसल्या आणि त्यांनी नथ उलटी घातली. सगळी भाऊबंदकी बसलेली, मी मागे पदर सावरून उभी. मला राहवलं नाही ग. पुढे झाले आणि एका बोटाने नथ सरळ केली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "येस ना तुले!" झालं. येतं हे कळलं आणि त्या दिवसापासून आजपर्यंत तो चौरंग माझा. मी त्या बोटाला किती शिव्या दिल्यात तुला सांगू नये.

म्हणून विचारते, तुझ्या त्या तिघांचंही असंच नसेल ना? मामांनी काय जाहीर केलं होतं? पहिला बिल्ड ज्याच्या हातून, त्याला मोहिनीची जागा. तुला वाटलं खुर्ची मिळणार म्हणून पोरं धावतील. पण ती खुर्ची त्यांनी आजवर बघितलीय ना, तुला बसलेली. आखाजीला भरलेली पिशवी ठेवून ऑफिसला आलेली बाई त्यांनी पाहिलीय.

पुनमला बाहेर ने, चहा पाज, आणि सरळ विचार.

चारुलता

•

जळगाव,
२४ जून २०२५

अक्का,

पुनमला टपरीवर नेलं. चहा हातात येण्याआधीच ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, माझा बिल्ड पहिल्याच दिवशी निघाला होता. मी लगेच पुसून टाकला." डिसेंबरात तिचं लग्न आहे, नवरा नाशिकला. मामांना कळलं तर तिलाही असंच वर्षानुवर्षं थांबावं लागेल, ही तिची भीती.

मग चुडामणला गाठलं. आधी हसला, मग म्हणाला त्याचाही निघाला होता, घरच्या लॅपटॉपवर, बायकोला दाखवून. ऑफिसात मात्र बोलला नाही. त्याला गावोगाव फिरायला आवडतं. त्या खुर्चीत बसलो तर मरेन म्हणतो. हिलालभाऊंकडे गेले तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "बाकीच्यांचा निघाला का?" त्यावरून काय समजायचं ते समजले.

म्हणजे बघा, तिघांचाही बिल्ड निघतोय आणि तिघंही एकमेकांपासून लपवतायत. मी महिनाभर जे शिकवत होते ते त्यांना माझ्याइतकंच येतंय. मला रडू नाही आलं, संताप आला. माझं वर्ष, माझा संसार, आणि ही मंडळी लाईट गेली म्हणून सांगतात! पण राग धरणार कोणावर? पुनमच्या जागी मी असते तर मीही पुसून टाकला असता.

मग मामांकडे गेले. म्हटलं, एवढी एक अट बदला. ज्याच्या हातून निघेल त्याला बांधून घेऊ नका. तुम्हाला वाटतं एक माणूस पक्का हवा, पण या टूलमुळे कोणीही गेलं तरी काम अडत नाही. मामांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बेटा, सगळ्यांचं काम ते कोणाचंच नसतं. ओट्यावर लोक येऊन बसले तेव्हा मी एकटा होतो. एकाचं तरी नाव मला माहीत पाहिजे." आणि शेवटी विचारलं, "कोणाचा निघाला का?" मी नाही म्हटलं. पुनमचं नाव माझ्या ओठांवर होतं, अक्का. एक नाव घेतलं असतं तर मी त्याच क्षणी सुटले असते. घेतलं नाही, आणि खोलीवर आल्यावर त्याचाही राग आला.

तिकडे सुरतेला दोघांसाठी मोठी खोली बघून ठेवलीय, मालक हो की नाही ते लगेच सांगा म्हणतोय. काय करू ते सुचत नाही.

मोहिनी

•

शिंदखेडा,
१ जुलै २०२५

मोहिनी,

घाईत लिहितेय. काल सुरतेहून नवलरावांचा फोन आला आणि त्यांनी स्पीकरवरच सगळं बोलून टाकलं, सुरतेची नोकरी, ११ ऑगस्ट, सगळं. सासूबाई लाल झाल्या. "मना भाऊले अर्धामा सोडी जाई का ती?" म्हणाल्या. नवलरावांनी समजावलं, कौतिकरावही मधे बोलले. मी कणीक मळत होते. तुझ्या बाजूने एक शब्द बोलावा असं मनात खूप होतं, पण बोलले नाही. मला काही माहीत आहे असं दिसलं तर पत्रं बंद होतील, या भीतीने गप्प बसले. तू ओळखशील म्हणून सांगते.

शेवटी एवढं ठरलं की गिरधरमामांनी हो म्हटलं तरच. म्हणजे तुझी दोरी पुन्हा त्यांच्याच हातात.

तू पुनमचं नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस. घेतलं असतंस तर मी तुला काही बोलले नसते, पण बरं केलंस. आता एकेकाला गाठणं सोड. अडकायच्या भीतीने माणूस एकटा असला की खोटंच बोलतो, मीही चार वर्षं बोलले. तिघांना एकत्र बसव आणि त्यांच्या देखत सांग, की तुम्हा तिघांचंही मला कळलंय. मग काय होतं ते होवो.

पाऊस नीट नाही. दुबार पेरणी करावी लागते की काय, अशी भीती आहे.

चारुलता

•

जळगाव,
१९ जुलै २०२५

अक्का,

झालं! झालं एकदाचं. कसं ते सांगते.

तिघांना एकत्र बसवलं, मामा जेवायला गेले असताना. म्हटलं, पुनमचा निघतो, चुडामणचा निघतो, भाऊ, तुमचाही निघतो. मग चुडामण पुनमला म्हणाला, "तुझा पण?" आणि दोघं हसायला लागली. हिलालभाऊ मात्र हसले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "शेठना पहिला हात पाहिजे. मग पहिला हात ठेवायचाच नाही. तिघांनी एकदम काढायचा, त्यांच्या डोळ्यांसमोर. एकाने जरी माघार घेतली तर मी बटण दाबणार नाही." एवढं कबूल व्हायलाही त्यांना आठवडा लागला. मधे दोनदा पुनम फिरली, एकदा हिलालभाऊ स्वतःच फिरले, साडूचं नाव काढून. मी विनवण्या केल्या. खरंच पाय धरायचे बाकी ठेवले होते.

गुरुवारी सकाळी मामांना बोलावलं. तिघं आपापल्या मशीनसमोर. मी भिंतीला टेकून उभी, हात मागे बांधून, म्हणजे कोणी म्हणायला नको की मोहिनीने केलं. चुडामणने तीन, दोन, एक म्हटलं. तिन्ही पडदे भरभर सरकायला लागले. अक्का, मी हजार वेळा हे पाहिलंय, पण त्या दिवशी एकेक ओळ वाचत होते. आणि तिन्ही निघाले.

मामांनी विचारलं, "पहिला कोणाचा?"

हिलालभाऊ म्हणाले, "बठ्ठासना संगेच निंघना, शेठ."

मामा एकदा या मशीनकडे, एकदा त्या मशीनकडे बघत राहिले. मग हसत म्हणाले, "मंग आते मी कोनले बांधू?" गंमत म्हणून बोलले असतील. आम्ही कोणीच हसलो नाही. तेव्हा त्यांनाही ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते, कारण ते तडक केबिनमध्ये गेले. मला वाटलं गेलं सगळं. संध्याकाळी बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "३१ पर्यंत सगळ्यांना नीट समजावून दे. ताईला मी फोन करतो." थोड्या वेळाने म्हणाले, "तिकडे गेलीस तरी फोन उचलत जा." मला त्यांची कीव आली, खरंच आली. पण थांबावंसं वाटलं नाही.

मंगळवारी, ५ ऑगस्टला, सुरतेच्या गाडीचं तिकीट काढलंय.

आता महत्त्वाचं. काल सासूबाईंचा फोन आला. भावाचा राग त्यांनी गिळला असावा. म्हणाल्या, १ तारखेपासून मोकळीच आहेस, तर कानबाईला ये आणि चारुलताजवळ बसून शीक. अक्का, मी येते. शनिवारी रोटाच्या आधी पोचते. माझ्यासाठी तुम्ही इतकं डोकं लढवलंत, आता तुमची पाळी. त्या तिघांनी एकदम केलं तसं आपण दोघी करू. मला सगळं शिकवा, म्हणजे पुढच्या श्रावणात मी सुरतेहून येऊन चौरंगाजवळ बसेन आणि तुम्ही अमळनेरला आबांकडे जा. नागपंचमीला जा. मी मनापासून म्हणतेय.

तुमची,
मोहिनी

•

शिंदखेडा,
२५ जुलै २०२५

मोहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'तिन्ही निघाले' तिथे प्रत्येक वेळी अंगावर काटा आला. माझ्या पोरी, सुटलीस ग.

आता शांतपणे ऐक. तू येऊ नकोस.

तू म्हणतेस दोघींनी एकदम करू. तुमच्याकडे तिघं होते, आणि तिघंही सारखेच भ्यायलेले, म्हणून ते जमलं. इथे तू एकटी नवी आहेस. एकदा चौरंगाजवळ बसलीस की सासूबाई म्हणतील, येस ना तुले. मग पुढचा श्रावण, त्याच्या पुढचा, सुट्टी मिळो न मिळो, तब्येत असो नसो, पोटात बाळ असो, सुरतेहून तूच यायचंस. आणि मी सुटेन असं वाटतं का तुला? मी इथेच राहते. घर माझंच, चूल माझीच. तू आलीस तर दोघी अडकू, एवढाच फरक. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ मोजून गहू घेतात. तुझी नि माझी मूठ त्यात नसतेच, पण दळण आपलंच.

आणि खरं सांगू का? तो नारळ तुझ्या हातात द्यावासा मला वाटत नाही. या पत्राचं उत्तर लिहायला बसेपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं. वर्षातून तो एकच दिवस असा येतो की सगळी भाऊबंदकी माझ्या हाताकडे बघत बसते. आबांची आठवण येते, रागही येतो, आणि तरी नथ बसवताना मला बरं वाटतं. हे तुला विचित्र वाटेल. मला तर वाटतंच.

तर काल मी काय केलं ते ऐक, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. संध्याकाळी ओट्यावर चुलतसासूबाई, शेजारच्या दोघी, सगळ्या बसल्या होत्या. सासूबाईंनी विषय काढला, मोहिनी येतेय शिकायला. मी म्हटलं, "तिले काय येस? तिले साधं मीठ बी टाकता येत नही. देवनं काम शे, इटाळ करी ठेवी ती." म्हटलं, कॉम्प्युटरवाल्या बायांना सोवळं कळत नाही, नथ उलटी घालेल, आणि भाऊबंदकीत आपलं हसू होईल. मी असं बोलतेय बघून कौतिकराव उठून आत गेले. चुलतसासूबाईंना नथेचं नाव काढलेलं आवडलं नाही. पण सासूबाई विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मंग. जाऊ दे तिले."

सगळ्यांसमोर मी तुला धांदरट ठरवलं, मोहिनी. आता ते नाव गावभर होईल, लग्नकार्यात कोणी तोंडावरही बोलेल. तू उत्तर देऊ नकोस. मान खाली घाल आणि हो म्हण. मला ते नाव चारच वर्षं पुरलं, तू जपून वापर.

मंगळवारी मी स्टेशनवर येते. अंगणवाडीची मीटिंग आहे म्हणून सांगेन. रोट बांधून आणते, ते भाऊबंदकीबाहेर कोणाला द्यायचे नसतात. तू आणि नवलरावच खा, आणि पौर्णिमेच्या आत संपवा. गाडी इथे जेमतेम थांबते, तेव्हा खिडकीशी बस. मी डबा आत देईन, तू घे. मला बघून तुला उतरावंसं वाटेल, मी रडतही असेन कदाचित. तरी उतरू नकोस.

तुझी,
अक्का